अर्ध्या सीसीवर आलेला आळ

अर्धा सीसी म्हणजे किती, असं कुणी विचारलं तर मी सांगते, चहाच्या चमच्याचा दहावा भाग. एवढ्याशा औषधावर मी चौदा महिने रुसून बसले होते, आणि शेवटी ते निरपराध निघालं. संपादकांनी माझ्याकडे ‘व्यवसायातला एखादा थरारक अनुभव’ मागितला आहे. आता ऑपरेशनमध्ये थरार होऊ नये म्हणूनच तर आम्हाला बोलावतात, त्यामुळे तो माल माझ्याकडे फारसा नाही. कुतूहल मात्र पोत्याने आहे, तेच लिहिते.

मी भूलतज्ज्ञ. सावेडीत घर, गाडीच्या डिकीत दोन बॅगा, आणि जिल्ह्यात ज्या गावी ज्या डॉक्टरांचं ऑपरेशन असेल तिकडे निघायचं, असं तीसेक वर्षं चाललं. सकाळी राहुरीला, दुपारी कर्जतला, असेही दिवस गेले. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण माझी जीभ अजून नगरच म्हणते. गावोगावच्या दवाखान्यांत मला ‘भूलवाल्या मॅडम’ म्हणतात. पेशंट बरा झाला की पेढे सर्जनना मिळतात, आणि पेशंटची पाठ दहा वर्षांनी दुखली तरी नाव माझं निघतं. “तेव्हा पाठीत इंजेक्शन दिलं हुतं ना, तवापासनं,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता माझी स्वतःची पाठ दुखली तरी मला अपराधी वाटतं.

माझे निम्मे पेशंट खुबा मोडलेले म्हातारे. म्हातारं माणूस फार उंचावरून पडत नाही. गोठ्यात दाव्याला अडखळतं, न्हाणीत घसरतं, नाहीतर दिवे गेल्यावर उंबऱ्याला ठेचाळतं. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं की त्याला उभं राहता येत नाही. एकदोन दिवसांत ऑपरेशन करून त्याला उठवलं तर तो काठी घेऊन चालायला लागतो. तसाच पलंगावर ठेवला तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, आणि काही महिन्यांत घरातले लोक “सुटला बिचारा” म्हणतात. म्हणून ऑपरेशन तर करायचं, पण पूर्ण भूल ऐंशीच्या घरातल्या फुप्फुसांना जड जाते. मग पाठीच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून कमरेखालचा भाग तेवढा बधिर करायचा. पेशंट जागा असतो, गप्पा मारतो, आणि पलीकडे सर्जन सुताराची हत्यारं चालवत असतात.

या औषधाची एक गंमत आहे. त्यात साखर घातलेली असते. मणक्यातल्या पाण्यापेक्षा ते जड व्हावं आणि आपल्याला हवं तिकडे उतरावं म्हणून. ही गंमत मी एकदा राहुरीकडच्या एका ऊस बागायतदाराला मोठ्या हौसेने सांगितली. त्याच्या वडिलांचा खुबा मोडला होता. तो गंभीर झाला.

“मॅडम, तुमी बाकी कायबी घाला, पन साखर नगा घालू. दादांला शुगर हाय. आमी त्यांला च्याबी बिनसाखरेचाच देतो.”

मी म्हटलं, अहो, चिमूटसुद्धा नाही. तो बाहेर जाऊन तिघा भावांशी बोलून आला. “चालंल म्हनत्यात, पन तसं लिवून द्या.” एवढ्यात पलंगावरून म्हातारा म्हणाला, “अरं, समदा जलम ऊस लावन्यात गेला, आन आता चिमूटभर साखरंला तुमची परवानगी लागती व्हय?” त्यानंतर मी साखरेची गंमत ऑपरेशन झाल्यावर सांगायला लागले.

आता अर्ध्या सीसीकडे येते. बधिर करणाऱ्या औषधाने कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त तिकडेच रेंगाळतं. कालव्याची वरची सगळी दारं उघडली की टेलच्या, म्हणजे पार शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोहोचत नाही, तसं हृदयाचं आणि मेंदूचं होतं. ब्लडप्रेशर कोसळतं. तरुण माणूस ते सोसतो, म्हाताऱ्याला सोसवेलच असं नाही. म्हणून मुख्य औषध कमी घ्यायचं आणि त्यात दुसऱ्या एका औषधाची किंचित भर घालायची. भर घालायची औषधं तशी बरीच आहेत. एक गुंगी आणतं, एक दिवसभर दुखू देत नाही पण श्वासावर रात्रंदिवस पहारा ठेवायला लावतं, आणि एकदोन अशी आहेत की त्यांची नावं घेतानाच माझी बोबडी वळते. माझं आवडतं म्हणजे फेंटानिल. अफूच्या गोत्रातलं, कुलपात ठेवायचं. अर्धा सीसी पुरतं. दोन्ही औषधं मिळून काम तेवढंच करतात आणि प्रेशर जागेवर राहतं. फक्त कधीकधी पेशंटच्या नाकाला खाज सुटते. आजोबा नाक चोळायला लागले की मी ओळखते, अर्धा सीसी कामाला लागला.

मला एक खोड आहे. पेशंट टेबलावर काय बोलतो, काय करतो, ते मी वहीत लिहून ठेवते. बसवून इंजेक्शन दिलेल्या माणसाला नंतर आडवं केलं तरी आपले पाय टेबलावरून खाली लोंबकळतायत असंच वाटत राहतं, कारण पायांची शेवटची बातमी मेंदूकडे तीच पोहोचलेली असते. “माझं पाय खाली सोडलेत, वर घ्या की,” असं कुणी म्हणालं की मला आजही तितकीच गंमत वाटते. या वहीनेच पुढे मला माझी चूक दाखवली, म्हणून तिचा उल्लेख केला.

साळवेबाई माझ्या तिसरीच्या वर्गशिक्षिका. माझे वडील साखर कारखान्यात नोकरीला होते तेव्हा आम्ही देवळाली प्रवऱ्याला राहायचो. तिथल्या शाळेत बाई होत्या. पांढरी साडी, ताठ मान, आणि वर्गात शिरल्या की पंखासुद्धा आवाज बंद करायचा. चर्चमध्ये रविवारच्या शाळेतही त्याच शिकवायच्या. निम्म्या गावाचे कान त्यांनी पिरगाळलेले होते. त्यांचा मुलगा सुधाकर माझ्याहून थोडा लहान. तोही शिक्षकच झाला, तिथेच राहिला आणि त्याने आईला फुलासारखं जपलं.

बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या असताना एका पहाटे घराच्या मागच्या दारी पडल्या आणि उजवा खुबा मोडला. “मोगऱ्याला पाणी घालायला गेले होते,” असं त्या म्हणाल्या. जवळच्याच एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं आणि भूल द्यायला मी गेले. पन्नास वर्षांनी बाई मला बघत होत्या, पण हाक मारली ती पूर्ण नावाने. “मंदाकिनी, अक्षर सुधारलं का तुझं?”

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ पेशंटचं तोंड उघडून बघतो. पाठीतलं इंजेक्शन ऐनवेळी लागू पडलं नाही तर घशात नळी घालावी लागते, म्हणून हिरड्या, दात, जीभ सगळं बघून ठेवायचं. आम्हाला पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. कवळी असेल तर ती काढायला सांगायची. खोलीत तेव्हा सुधाकर होता, चर्चचे पाळक होते, बाईंचे दोन जुने विद्यार्थी होते. मी म्हटलं, “बाई, कवळी काढून जरा तोंड दाखवता का?”

बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. “सुई पाठीत टोचणार आहेस ना? मग तोंडात काय शोधतेस?”

पाळक हसले. मी अठ्ठावन्न वर्षांची, हजारो माणसांच्या तोंडात बॅटरी घातलेली बाई, पण त्या क्षणी तिसरीतली झाले. कागदावर ‘कवळी आहे’ एवढं लिहिलं आणि पुढे सरकले. पुढचा प्रश्नही मी हसतहसतच विचारला, म्हणजे विचारायचा म्हणून. “काही व्यसन? तंबाखू वगैरे?” सुधाकर म्हणाला, “छे! आई आणि व्यसन?” सगळेच हसले, आणि मी ‘नाही’वर खूण केली.

ऑपरेशन झकास झालं. मुख्य औषध कमी, त्यात अर्धा सीसी. प्रेशर रेसभर हललं नाही. मध्येच बाईंनी नाक चोळलं आणि विचारलं, “हे का खाजतंय?” मी कारण सांगितलं. “हे पुस्तकात आहे की तुझं निरीक्षण?” “दोन्ही,” म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्या दिवशी मी गाडी चालवत घरी गेले ती गाणं म्हणत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी सलाईन उपसून टाकलं. सुधाकरला त्या शाळा तपासायला आलेला साहेब समजल्या आणि “माझ्या वर्गात बूट घालून यायचं नाही” म्हणून ओरडल्या. पाळक प्रार्थना करायला आले तर त्यांना अंगठे धरून उभं राहायला सांगितलं, आणि मग जे बोलल्या ते त्या माउलीच्या तोंडून येईल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. नर्सने कवळी काढायला हात पुढे केला तर तिला कडकडून चावल्या. बाकीचा वेळ चादर चाचपत राहायच्या आणि बोट तोंडात घालायच्या. मी वहीत लिहिलं, ‘उजव्या हाताची तर्जनी सारखी हिरडीवर. कवळी टोचत असावी.’

म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, हे आम्हाला माहीत असतं. त्याची कारणंही माहीत असतात, ती एकेक तपासायची. आम्ही रक्तातलं मीठ तपासलं, साखर, ऑक्सिजन, लघवी, ताप, दुखणं, सगळं तपासलं. काहीच सापडेना. सुधाकरने विचारलं, “मॅडम, तुम्ही पाठीत नेमकं काय घातलंत?” मी लपवाछपवी करत नाही. मुख्य औषध सांगितलं, अर्धा सीसीही सांगितला.

“अफूच्या जातीचं?” तो म्हणाला.

“हो, पण इतकं कमी की पाचसहा तासांत त्याचा असर संपतो. हे तर दुसऱ्या दिवशी सुरू झालंय.”

“मग उरलं काय दुसरं?”

पाचव्या दिवशी डॉक्टरांचं न ऐकता त्याने आईला घरी नेलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, आई शुद्धीवर आली, सगळ्यांना ओळखते, जेवते. घरची हवा लागली, असं सगळे म्हणाले. मी वहीत ‘घरी नेल्यावर दोन दिवसांत ठीक’ असं लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. हवा तर तिथूनच चार किलोमीटरवरची होती.

मला माझी बुद्धी सांगत होती की अर्ध्या सीसीचा यात हात नाही. तरी पुढच्या म्हाताऱ्या पेशंटच्या वेळी मी ती बाटली उचलली आणि परत ठेवली. त्याच्या पुढच्या वेळी उचललीच नाही. माझ्या डोळ्यांसमोर पाळकांसमोर बरळणाऱ्या बाई यायच्या आणि सुधाकरचं ते “मग उरलं काय?” आठवायचं. पंचक्रोशीत बोभाटाही झाला होता. “पाठीत अफू घालत्यात, मान्साला येड लागतं,” असं एका नातेवाइकाने मला तोंडावर ऐकवलं. मी अनुभवी होते, शहाणी होते आणि घाबरले होते. भर घालायची नाही म्हटल्यावर मुख्य औषध पूर्ण द्यावं लागे, आणि प्रेशर कोसळलं की धावपळ.

कर्जतकडचे गेनूबाबा त्याच काळातले. नव्वदीला टेकलेले, काटक, शेळ्यांमागे चालताना पडलेले. पूर्ण डोस दिला. पाच मिनिटांत त्यांचा चेहरा मातीसारखा झाला. माझा हात धरून ते म्हणाले, “बाई, मला लई लांब कुटंतरी चालल्यागत हुतंय वं.” मी सलाईन दाबून सोडलं, औषधावर औषध दिलं, पाय वर करायला लावले. दहा मिनिटांनी ते परत आले. “आलो,” एवढंच म्हणाले. पण हृदयाला ताण बसला होता आणि दोन दिवस त्यांना नगरला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. वाचले ते. अर्धा सीसी घातला असता तर हे झालंच नसतं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तो मी का घातला नाही याचं कारण वैद्यकीय नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याची मला लाज वाटते.

चौदा महिन्यांनी ऑर्थोपेडिक डॉक्टरांचा फोन आला. साळवेबाई परत पडल्या होत्या. डावा खुबा. जागा तीच, मागचं दार, पहाटेची वेळ. आणि या वेळी सुधाकर ऑपरेशनला तयार नव्हता. “आई मागच्यासारखी होणार असेल तर नको. पलंगावर असू दे, मी करीन तिचं सगळं, पण तिचं डोकं शाबूत राहू दे,” असं तो म्हणत होता. पलंगावर ठेवायचं म्हणजे काय होणार, हे मी वर लिहिलंच आहे.

मी गेले. बाई पहिल्यापेक्षा वाळल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “मंदाकिनी, मला मरायची भीती नाही. पण मागच्या वेळी मी काय काय बोलले ते मला थोडंथोडं आठवतं. पाळकांना बोलले ते आठवतं. तसं परत व्हायचं असेल तर मला इथेच पडू दे.”

मी बॅगेतून वही काढली आणि त्यांच्या पलंगाशेजारी बसून मागच्या वेळची पानं वाचली. कशासाठी, ते मला तरी कुठे माहीत होतं! दोनदा मागचं दार. दोनदा पहाट. घरी गेल्यावर दोन दिवसांत ठीक. बोट हिरडीवर. मध्यंतरी एकदा मी बाईंना भेटायला घरी गेले होते तेव्हा मागच्या दारचा मोगरा बघितला होता, तो फार वर्षांपूर्वीच वाळून काटकी झालेला दिसत होता. पाणी कशाला घालत होत्या मग? आणि त्या सगळ्या नोंदींच्या वर माझ्याच अक्षरात ‘कवळी आहे’. फक्त तेवढंच. आत काय आहे ते मी बघितलंच नव्हतं.

मी सुधाकरला म्हटलं, “तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा.” दार लावलं आणि बॅटरी काढली.

“बाई, कवळी काढा.”

“मंदाकिनी...”

“काढा बाई. मागच्या वेळी मी बघितलं नाही, ती माझी चूक झाली.”

बाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं, कवळी काढून पदराखाली धरली आणि तोंड उघडलं. समोरच्या हिरड्या काळ्या पडलेल्या होत्या, जुन्या तव्यासारख्या. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. तर्जनीचं टोक करडं होतं. गावाकडच्या पेशंटमध्ये मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि न विचारता ‘मिश्री’ असं लिहिलंय. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना घासत बसायची. कित्येक बायांची सकाळ त्याशिवाय उजाडत नाही. पण साळवेबाईंच्या बाबतीत तसा विचार करणंसुद्धा मला पाप वाटलं असतं.

“कधीपासून, बाई?”

“नोकरीच्या पहिल्या वर्षापासून. दाढ दुखत होती म्हणून शेजारणीने दिली.” त्या भिंतीकडे बघूनच बोलत होत्या. “दिवसातून चार वेळा लागते. रविवारच्या शाळेत मी मुलांना तंबाखूचे दुष्परिणाम शिकवले, मंदाकिनी. साठ वर्षं. सुधाकरला माहीत नाही. कौसाबाई कामाला येते, ती आणून देते. त्याला सांगू नकोस.”

मिश्रीतलं निकोटीन अंगात साठ वर्षं रोज जात असेल आणि एका दिवसात एकदम बंद झालं, तर चौऱ्याऐंशी वर्षांचा मेंदू बिथरू शकतो. मोडलेलं हाड, परकी जागा, ऑपरेशनचा ताण, हे सगळं त्यात मिळालं की पुरे. त्या पहाटे मागच्या दारी का जायच्या, चादर का चाचपत होत्या, बोट तोंडात का घालत होत्या आणि घरी गेल्यावर कशाने बऱ्या झाल्या, ते आता मला कळलं. हेच एकमेव कारण होतं असं शपथेवर मी म्हणणार नाही, म्हाताऱ्यांच्या भ्रमाला दहा वाटा असतात. पण नवव्या वाटेपर्यंत जाऊन मी दहावीच्या तोंडावरून परत फिरले होते, कारण तिथे माझ्या बाई उभ्या होत्या.

मी त्यांना वचन दिलं आणि उपायही सांगितला. मिश्री नाही, पण निकोटीनची पट्टी मिळते, ती दंडाला चिकटवायची, अंगात थोडंथोडं जात राहतं. फिजिशियनना मी कारण सांगून विचारलं, ते हो म्हणाले. केसपेपरवर पट्टीचं नाव लिहिणं भाग होतं, ते मी माझ्या अक्षरात लिहिलं. सुधाकरने कागद दोनदा उलटून बघितला आणि परत ठेवला. ज्या अक्षरासाठी बाईंनी माझ्या तळहातावर छड्या दिल्या होत्या, त्याच अक्षराने त्यांची अब्रू वाचवली.

सुधाकरला त्यांनी स्वतः सांगितलं, “मी ऑपरेशन करून घेणार आहे.” तो माझ्याकडे वळला. “पण ते औषध घालणार नाही ना, मॅडम?” मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “तिला काय घालायचं ते ती ठरवेल. आमचं बोलणं झालंय.” बाईंनी विषय संपवला की तो संपतो. मी मुख्य औषध कमी घेतलं आणि चौदा महिन्यांनी पहिल्यांदा त्यात अर्धा सीसी घातला. प्रेशर हललं नाही. बाईंनी नाक चोळलं.

दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम वाट वाकडी करून गेले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, दंडाला पट्टी, आणि नर्सला तापाचा तक्ता नीट आखायला शिकवत होत्या. सुधाकरचा चेहरा इतका निवळलेला मी कधी पाहिला नव्हता. पाळकही आले होते, या वेळी सावधपणे दाराजवळच उभे होते.

“मॅडम, उपकार झाले,” सुधाकर म्हणाला. “या वेळी तुम्ही ते घातलं नाहीत, म्हणून आई अशी आहे. मी सगळ्यांना सांगणार आहे, म्हाताऱ्या माणसाला ते घालूच द्यायचं नाही.”

मला काय करावं कळेना. गप्प बसले तर गावोगावचे गेनूबाबा पुन्हा त्याच वाटेने जाणार. बोलले तर पुढचा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर न देण्याचं मी वचन दिलेलं. शेवटी एवढंच म्हटलं, “घातलं होतं, सुधाकर. तेच आणि तेवढंच.”

“मग?” तो म्हणाला. “मग मागच्या वेळी काय झालं होतं?”

मी बाईंकडे बघितलं नाही. वहीत तोंड घातलं.

“पाळकसाहेब, तुम्हीही आत या,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला तर ऐकायलाच हवं.” मग त्यांनी मुलाकडे बघून सरळ सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं. साठ वर्षं, चार वेळा, मागचं दार, मोगरा. “या मुलीने मला विचारलं होतं. मी तोंड उघडलं नाही. तिच्या औषधाला तू बोल लावलास तो माझ्यामुळे.”

सुधाकर खाली बघत होता. मग त्याने शर्टाच्या खिशातून एक छोटी पत्र्याची डबी काढली आणि आईच्या हातात ठेवली.

“मला माहीत आहे, आई. मी चौथीत होतो तेव्हापासून. कौसाबाई तुला आणून द्यायची ना, ती मीच तिच्याकडे देत होतो. तुला आज लागेल म्हणून आणली होती, पण द्यायची कशी ते कळत नव्हतं. मिश्री तुटली की डोकं फिरतं हे मला कुठे ठाऊक?”

मला राग आला, खरा राग. चौदा महिने माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी म्हटलं, “अहो, मग मी विचारलं तेव्हा ‘छे’ का म्हणालात?”

“ती समोर होती ना, मॅडम.”

बाई समोर होत्या म्हणूनच तर मीही तोंड न बघता ‘कवळी आहे’ लिहून पुढे गेले होते. बाईंच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी आलं होतं. त्यांनी डबीवरून अंगठा फिरवला आणि झाकण उघडायला गेल्या.

“बाई,” मी म्हटलं, “पट्टी आहे तोवर डबी नाही.”

त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं, तिसरीत पाहायच्या तसंच. या वेळी मी मान खाली घातली नाही. मग त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि डबी सुधाकरला परत दिली.